लॅपटॉपला वारं घालताना

हॅलो?… हॅलो!… कोण?… नंदे, तू व्हय! अगं, आडात उतरून बोलल्यासारखा आवाज कामून येऊन राह्यला तुझा?… थांब, खिडकीपाशी येते. इथंच जरा रेंज असती… हां, आता बोल.

पोचलीस का औरंगाबादला बराबर?… जाफराबादहून जागा भेटली का गाडीत?… उभ्यानं? पार भोकरदनपर्यंत उभ्यानं? अरे देवा… आन् जेवलीस का?… कॉलेजातले सर भेटले का, सभेला आणायचेत ते?…

हो, हो… सांगते ना. पोरीला आईची खुशाली नको, आधी लॅपटॉपची पाहिजे… अगं चिडू नको, मस्करी करून राह्यले.

चालू हाय. तू सकाळी ठिवून गेलीस तसंच चालू हाय. कोणाला बोट लावू दिलं न्हाई. तुझे अण्णा म्हनले, जरा क्रिकेट दिसतं का बघू त्याच्यात. म्हनलं खबरदार! माझ्या पोरीनं गावाचा नकाशा लावलाय त्याच्यावर. उद्या दसरा, परवा ग्रामसभा. तलाव कुठं करायचा ते हेच सांगणार हाय. मंग गेले गुपचूप सोयाबीनकडं.

मी एकटी न्हाई. शेजारून हसीना येऊन बसलीय ना माझ्यापाशी. दुपारपासून बसलीय. टी.व्ही.वरची मालिका सोडून हे बघून राह्यली बाई. तुला सलाम म्हनती… हां, तिलाबी म्हनते.

आकडा?… थांब, बघते… शंभरातले सत्त्याण्णव झाले.

अगं सत्त्याण्णवच म्हनले. दुपारी जेवताना बघितलं तव्हाबी सत्त्याण्णवच होतं. सकाळी कसं झपाझप चाललं होतं, आता जागचं हालत न्हाई… मला काय म्हाईत? मला वाटलं थकलं असंल, दोन दिवसांपासून काम करून राह्यलं बिचारं.

आवाज?… येतो की. घूंऽऽ असा येतो. पिठाची गिरणी लांबून ऐकू येती ना, तसा. आन् मधूनच खर्र… खर्र… न्हाई, सकाळी नव्हता हा खर्र. दुपारपासून हाय.

हात लावून?… थांब… अगं आई गं! नंदे, चटका बसला गं! डाव्या अंगाला तर तव्यावानी तापलंय!… वरडू नको, वरडू नको, सांग काय करू.

कशावर ठिवलंय म्हंजे? चांगल्या जागी ठिवलंय. तू टेबलावर ठिवलं होतंस, ते टेबल डुगडुग हालतं. म्हनून मी उचलून ह्या खिडकीखालच्या लोखंडी पेटीवर ठिवलं. खाली गोधडीची चार घडी केली. नवी गोधडी, धुतलेली… कामून म्हंजे? इतकं मोलाचं मशीन, उघड्या पत्र्यावर ठिवायचं का?… आन् वरून झाकलंय बी. हसीनानं शिवलंय ना त्याला कव्हर. मखमलचं, कडंनं सोनेरी लेस. तोंड तेवढं उघडं ठिवलंय, बाकी सगळं झाकलं, एक कण धूळ जाणार न्हाई… नंदे?… हॅलो?… हाय का गं तू?

न्हाई, मला वाटलं फोन कटला.

अगं पण टी.व्ही.ला कव्हर हाय, मिक्सरला हाय, रेडिओ होता तव्हा रेडिओला होतं. ह्याला नको व्हय?… हां… हां… काढते, काढते. हसीना, काढ गं ते कव्हर. जल्दी. आन् ही गोधडी… मी उचलते, तू खालून ओढ… हळू! हळू, धक्का देऊ नको… काढली. अगं गोधडीबी तापलीय, जशी काय चुलीपाशी ठिवली होती!

आता कशावर ठिवू?… खालून हवा पाहिजे? खालून?… थांब, नीट सांग. खालून गार वारं आत घेतं… आन् डाव्या अंगाच्या फटीतून गरम सोडतं. म्हंजे… म्हंजे श्वास घेतं ते?

हसीना, ऐकलं का? श्वास घेतं म्हने हे. आन् आपण खालून त्याचं नाक दाबून वरून मखमल पांघरली!

नंदे, माझ्या तर अंगावर काटा आला बघ. दुपारपासून ते घूंऽऽ घूंऽऽ करून राह्यलं, आन् मी म्हनते किती छान चाललंय. ते बिचारं गुदमरून वरडत होतं.

हो, हो, बोल… उंच ठिवायचं, खाली मोकळं पाहिजे. विटा? विटा बाहेर हायेत, पण मातीच्या… पापड भाजायची जाळी चालंल का गं? मोठी हाय, चौकोनी, चार पायांची. तुझ्या मावशीनं दिलेली… चालंल? घासलेली हाय, हो, कोरडी बी हाय. हसीना, त्या फळीवरची जाळी दे… हां… ठिवलं. आता खालून पलीकडची भिंत दिसून राह्यली. जिच्यावर पापड भाजते तिच्यावर हे गार होणार, काय म्हनावं बाई!

बघ की… हात धरलाय फटीपाशी… येतंय! गरम झळ येऊन राह्यली, जोरात. आधी येत नव्हती… आता येती.

मी काय म्हनते, ओला फडका ठिवू का वरून? घट्ट पिळून?… न्हाई? बरं, बरं, न्हाई ठिवत… तापात कपाळावर पट्टी ठिवतो तशी… न्हाई ठिवत म्हनले ना! मंग कारभारीच्या दुकानात थंड्याची पेटी हाय, त्याच्यात दहा मिनिटं… अगं वरडती कामून, विचारलं फक्त! का न्हाई, ते तर सांग… हां… हां… गार पेल्याला बाहेरून घाम येतो, तसं आतून पाणी सुटंल. कळलं. बिलकुल कळलं. हसीना, जाऊ नको गं दुकानात.

पंखा लावू? टेबलावरचा… तो चालंल. वारं वरून न्हाई, खालून जाऊ दे… लावला.

कोपऱ्यात?… हो, हाय एक बारका आकडा. लाल हाय. चौऱ्याण्णव… ते काय हाय?… त्याचा ताप? त्याला स्वतःचा ताप स्वतःला कळतो?… आन् लई तापलं की आपणहून हळू काम करतं? म्हनून दुपारपासून सत्त्याण्णववर बसलं व्हय! उन्हात बैल कसा पाऊल आखडतो, तसंच की गं. आन् त्याच्याहून जास्त झालं तर?… आपलं आपण बंद पडतं. जळू नये म्हनून.

आन् बंद पडलं की सगळं पहिल्यापासून… हो, ते सांगितलं होतंस तू. तीन दिवस. आन् परवा तर सभा.

ऐक, मी पडू देत न्हाई बंद. तू काळजी करू नको.

ताप ब्याण्णव झाला… पण नंदे, तो खर्र अजून हाय. ऐक, फोन धरते तिथं… ऐकलंस?… काही तरी अडकलंय? पंख्यात? त्याच्या आत पंखा बी हाय?…

काय गेलं असंल आत?… न्हाई बाई, मी काही टाकलं न्हाई. मी कशाला काय टाकू?…

…

नंदे, रागावू नको. आधी शपथ घे रागावणार न्हाई.

आज खंडेनवमी हाय ना. तू गेल्यावर मी हत्यारांची पूजा मांडली. नांगराचा फाळ, विळे, माझं खुरपं, तुझ्या अण्णांचा फवारा. मंग म्हनलं, आज घरात सगळ्यांत जास्त राबून राह्यलं ते कोण? हेच ना? त्याला कामून सोडायचं? हळदकुंकवाचं बोट लावलं, झेंडूचं फूल ठिवलं… आन् चार अक्षता… टाकल्या वरून.

हसू नको! आधी वरडती, मंग हसती… हो, फटीवरच पडल्या असतील. पूजा करताना फट बघत बसते का माणूस?

सुई हाय हसीनापाशी, बारीक, तिनं काढू का… न्हाई. बरं. चालू असताना काही घालायचं न्हाई. तुटंल. हां. मंग बंद करायचं? बंद केलं तर गेलं ना सगळं!

झोपवायचं?… थांब, थांब, हे नीट सांग. झोपवलं की दिवे सगळे जातात. वायर काढायची. खालची बॅटरी बी काढायची. आन् पुन्हा उठवलं की… जिथं होतं तिथूनच पुढं? विसरत न्हाई? बॅटरी काढली तरी?… लिहून ठिवतं? झोपायच्या आधी सगळं स्वतःपाशी लिहून ठिवतं, कुठवर आलो ते?

अगं, मी उठते तव्हा मला चष्मा कुठं ठिवला ते आठवत न्हाई!

बहुतेक?… बहुतेक म्हंजे काय, नंदे? उठंल का न्हाई उठणार?… कधीकधी उठत न्हाई. कधीकधी. आन् न्हाई झोपवलं तर पंखा तुटणार, ते आणखी तापणार, बंद पडणार… म्हंजे तसं बी गेलं, आन् असं बी कदाचित गेलं.

मंग झोपवू. तू म्हनशील तसं.

हसीना, तू फोन धर माझ्या कानाला. माझे दोन्ही हात मोकळे पाहिजेत… न्हाई गं, तुझा तो हात नको, दुखतो ना तो अजून. ह्या हातानं धर. नंदे, गेल्या उन्हाळ्यात टँकरपाशी रेटारेटीत पडली, हाड बसलं पण कळ गेली न्हाई तिची. घागर डोक्यावर घ्यायची झाली की अजून मला हाक मारती… हो, म्हनूनच बसलीय ती इथं. कव्हर शिवायला थोडीच बसलीय.

वरचं गोल बटन… दिसलं. एकदाच दाबायचं. टिचकी मारल्यासारखं. धरून ठिवायचं न्हाई… धरून ठिवलं तर कायमचं बंद?… अगं बाई, एवढा नाजूक मामला माझ्या ह्या बोटाला सांगतीस? खुरप्यानं घट्टे पडलेत, मला कळणार बी न्हाई दाबलं का न्हाई… करते. करते. बिस्मिल्ला म्हनती हसीना. मी बी म्हनते, माय तुळजाभवानी…

दाबलं.

…

काही तरी दिसून राह्यलं… पांढरी पट्टी सरकती… लिहून राह्यलं असंल, न्हाई?… काळं झालं. आवाज गेला. दिवे गेले सगळे. नंदे, किती शांत झालं गं घर. दोन दिवसांचा आवाज होता, आता एकदम… भ्या वाटून राह्यलं मला.

हो… वायर काढली. उलटं करते… दोन खिट्ट्या हायेत, बाहेर सरकवल्या… निघाली बॅटरी. आता फट खाली करून… हळूहळू थापटायचं. फुंकर न्हाई मारायची, थुंकी जाती. बरं… लेकराला ढेकर काढायला थापटतो तसंच ना? तुला लई थापटलंय असं. दूध पिऊन दोन-दोन घंटे ढेकर द्यायची न्हाईस तू…

झेंडूची पाकळी पडली… हो, एक पाकळी. आणखी थापटते… दाणा! दाणा पडला! नंदे, पिवळा दाणा, हळदीचा!… अर्धा मोडलाय. राह्यलेला अर्धा?… थापटते… थांब… हसीना, फोन नीट धर, मी जरा तिरपं करते… आला! हा बघ अर्धा! एवढासा तांदूळ, आन् गावाचं पाणी अडवून बसला होता!

आता खुळखुळ न्हाई. कानाशी हालवून बघितलं… हळूच हालवलं गं.

बॅटरी घातली… खिट्टी बसली. वायर लावली. जाळीवर ठिवलं. आता तेच बटन, एकदाच…

दाबलं.

…

काळंच हाय.

…

काळंच हाय, नंदे… न्हाई, काही न्हाई… तू बोलू नको जरा. थांब.

आला! दिवा आला! पांढरी पट्टी सरकून राह्यली… तूच गं माझी बाई… नकाशा! नकाशा आला! सत्त्याण्णव! जिथं सोडलं होतं तिथंच!

हसीना रडून राह्यली बघ… मी न्हाई. मी कशाला रडू… डोळे पुसले फक्त.

न्हाई, मला एक सांग, नंदे. वीज काढून घेतली, बॅटरी काढली, पालथं घालून बदडलं, आन् हे उठून म्हनतं, हां, तर मी काय सांगत होतो! हे कोणी केलं असंल गं?… माणसानंच? माणसाच्या डोक्यातून निघालं हे? हात जोडावे का काय करावं कळत न्हाई… न्हाई, न्हाई, अक्षता न्हाई टाकत आता. नुसते हात.

खर्र गेला. अगदी बारीक आवाज हाय, सूंऽऽ असा. ताप… ब्याऐंशी. लाल होता तो आता हिरवा झाला. अठ्ठ्याहत्तर… आन् बघ, बघ, मोठा आकडा अठ्ठ्याण्णव झाला! पळायलाच लागलं की!

हो, दिसून राह्यलं ना. वरून खाली एकेक रेघ भरत येती. आधी करडं, मंग त्याच्यावर निळं. नंदे, हे आभाळातून काढलंय म्हनतीस ना? वरून आपलं गाव असं दिसतं?… हा म्हसोबाचा माळ ना? आन् हा जाफराबादचा रस्ता. इथं हसीनाचं घर असंल… हसीना, हे तुझं घर बघ, तिळाएवढं! आन् ह्या निळ्या रेघा म्हंजे पाणी कसं वाहतं ते… हातावरच्या शिरांवानी दिसतात गं. माळावरच्या बारक्या रेघा ओढ्याला मिळतात, ओढा जाडजूड होतो. जन्म गेला ह्या मातीत, पाय तुडवत गेला, पण पाणी असं चालतं हे मला कोणी दाखवलं नव्हतं. दरवर्षी आपल्या डोळ्यांदेखत निघून जातं ते असं जातं व्हय!

मच्छिंद्र सरपंच म्हनत होता तलाव वरच्या अंगाला, त्याच्या शेताखाली करू… पण इथं वर तर निळं बारीकच हाय. दोऱ्याएवढं… हो, तू म्हनतीस तेच. जिथं निळं साचंल तिथं.

नव्व्याण्णव.

आता फक्त खालचा पट्टा राह्यला. आपल्या खालच्या वावराकडचा… भरून राह्यलं… पळसाचं झाड गेलं, मंग बांध… नंदे…

नंदे, इथं रेघ न्हाई. इथं सगळं निळंच भरत चाललंय. गडद. दौत सांडल्यावानी.

…

शंभर.

…

हॅलो… हाय, हाय. ऐकू येतंय… हो. दिसलं. आपलंच हाय. खालचं वावर. पार बांधापासून पळसापर्यंत तलावात जाणार.

तुला म्हाईत होतं?… वाटलं होतं. हां. म्हनून सकाळी जाताना माझ्याकडं बघत न्हवतीस. म्हनलं पोरगी काही तरी लपवून राह्यली.

मलाबी वाटायला पाहिजे होतं. दरवर्षी तिथं सोयाबीन पिवळं पडतं. पाऊस झाला की आठ-आठ दिवस पाय रुततो. पाणी तर आधीच सांगत होतं, आपण ऐकत न्हवतो.

…

वाईट वाटतंय. कामून न्हाई वाटणार? लग्न होऊन आले तव्हा त्या वावरात कुदळ लागत न्हवती. नुसते दगड. तू पाठीवर असायचीस आन् मी दगड वेचायची. तुझे अण्णा म्हनायचे, सोड, तिथं काही व्हत न्हाई. मी न्हाई सोडलं… जीव अडकलाय माझा त्याच्यात. खोटं कामून बोलू तुझ्याशी.

काय?… बदलता येतं? आकडे जरा इकडंतिकडं केले तर निळं वर दिसंल? सरपंचाच्या शेताखाली?… कोणाला कळणार न्हाई?… सरांना बी न्हाई?

…

हसीनानं फोन माझ्या हातात दिला, नंदे. उठून दारात जाऊन उभी राह्यलीय, पाठमोरी. आपल्याला काही ऐकूच आलं न्हाई असं करून. दुखरा हात दुसऱ्या हातानं धरलाय तिनं.

न्हाई. नको करू तू तसं.

अगं ऐक ना… ऐक माझं. हे एवढं तापलं. नाक दाबलं आपण त्याचं, पोटात तांदूळ घातले, मेल्यावानी झोपवून पुन्हा उठवलं. तरी ह्याचा हिशेब एका आकड्यानं चुकला न्हाई. मंग आपण कामून चुकवायचा?… आपण तर धडधाकट हाव.

अण्णांना मी सांगते. तू फोन करू नको त्यांना. आधी जेवू घालते, मंग सांगते. वरडतील. मंग वावरात जाऊन बसतील जरा. मंग येतील… मी ओळखते ना त्यांना. वरचं वावर हाय, पोटाला पुरंल.

रडू नको, माय. रडू नको. तू काही वाईट केलं न्हाई. तू खरं काढून दाखवलं… उद्या सरांना घेऊन ये. पुरणपोळी करते, कटाची आमटी करते. ते तिखट खातात का?… बरं, कमी घालते.

आता ह्याला काय करू? झोपवू?… हां, एकदाच टिचकी. जाळीवरच राहू दे. कव्हर न्हाई घालत, पार गार होईस्तोवर तर न्हाईच. हसीनाला सांगते, त्याची पिशवी शिवून दे, प्रवासातच घालायची.

अगं थांब, ठिवू नको… एक राह्यलं. सरांना एक विचारशील का? मी वेचलेले ते दगड हायेत ना, बांधावर ढीग घातलेले. चांगले काळे हायेत, टणक. तलावाच्या भिंतीला लागतील का म्हनावं ते?…

लागतील?… खरं म्हनतीस?

बरं. बरं, मंग ठिवते. हसीना अजून दारातच उभी हाय, तिला आत बोलावते.